पडत्या भावात थांबलेली रुखमाबाई

दिवाळी अंकाच्या संपादकांनी दोनदा निरोप पाठवला, की बाई, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा, आता घरोघरी लोक शेअर बाजाराचं बोलतात, आवडीनं वाचतील. गमती माझ्याकडं पोत्यानं आहेत. पण मी ज्या गोष्टीसाठी पेन हातात घेतलंय ती गंमत नाही, आणि ती सांगायची नसेल तर बाकीचं सांगण्यात मला रस नाही. फराळाबरोबर ज्यांना हसायला पाहिजे त्यांनी पान उलटून पुढं जावं. मी रागावणार नाही.

परभणीत मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागं आम्ही भाड्यानं राहायचो. मालक, म्हणजे माझे यजमान, तहसीलमध्ये कारकून. पगार महिनाअखेर गाठायचा नाही, म्हणून मी बचतीची एजन्सी घेतली. आधी पोस्टाच्या योजना, मग युनिट, म्हणजे आजचे फंड, मग कंपन्यांच्या शेअरचे फॉर्म. घराची पुढची खोली हेच माझं ऑफिस. एक सतरंजी, एक टेबल, आणि आतून मालकांचा खोकला. लोक मला युनिटवाल्या बाई म्हणायचे. तोंडानं मी फटकळ. गिऱ्हाईक नाराज होऊन गेलं की मालक आतून म्हणायचे, "जरा गोड बोलत जावा की." मी म्हणायची, गोड बोलणाऱ्यांकडं लोकांनी पैसे बुडवून झालेत, आता कडू ऐकू द्या.

तरुण वाचकांना वाटेल शेअर म्हणजे फोनवर बोट दाबायचं काम. तेव्हा तसं नव्हतं. मुंबईचा पेपर परभणीत यायचा तोच शिळा होऊन, आणि त्यातले भाव त्याच्याही आदल्या दिवसाचे. विकायचं ठरवलं तर सर्टिफिकेट आणि सहीचा कागद रजिस्टर पोस्टानं मुंबईच्या दलालाला. सही जुळली नाही की सगळं बाड परत. गड्यानं पहिली सही केलेली असायची खुर्चीत बसून, दुसरी केलेली असायची बसस्टँडवर मांडीवर कागद ठेवून. जुळणार कशी? पैसे हातात पडेपर्यंत दोन सण होऊन जायचे. विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन पेटलं की गाड्या बंद, शहर बंद, पेपरचा गठ्ठाच उतरायचा नाही. तेव्हा एक गिऱ्हाईक मला म्हणालं होतं, "पेपर न्हाई तर भाव न्हाई, भाव न्हाई तर घोर न्हाई. बरं हाय की बाई." शहराबाहेर वस्त्यांवर काय चाललं होतं ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. आम्ही दोघं शेअरचं बोललो.

एवढ्या शिळ्या भावावर परभणीत बसून माणसं मुंबईच्या बाजाराची वेळ साधायला बघायची. स्वस्तात घ्यायचं, महागात विकायचं. ऐकायला किती सोपं. कापसाचा एक अडत्या होता, त्याला मोंढ्याची सवय. अफवा आली की माल काढायचा. तो माझ्याकडं धावत यायचा, "बाई, निघालो आपण, समदं इका." कागद मुंबईला पोचेपर्यंत भाव वर गेलेला असायचा, मग तेच शेअर तो महागानं परत घ्यायचा. दलालाला मिळालं, पोस्टाला मिळालं, अडत्याला काही नाही. वर मलाच म्हणायचा, "तुमचा बाजार लय लबाड हाय."

याच्या उलट ताडकळसचे एक रिटायर गुरुजी. स्वभावानं देवमाणूस. एसटीनं यायचे, सतरंजीवर बसायचे, पाणी प्यायचे आणि विचारायचे, "काय म्हणतो बाजार?" मी म्हणायची वर आहे. "मग पडू द्या, पडला की घेतो." पुढच्या खेपेला बाजार पडलेला असायचा. "अजून पडंल असं वाटतं." असं किती वर्षं चाललं ते मी मोजलं नाही. तेवढ्यात बाजार दुप्पट झाला, मग त्याच्याही वर गेला, गुरुजी पडायची वाट बघत राहिले. एक दिवस त्यांची सून आली, पांढऱ्या कपाळाच्या सासूला संगं घेऊन. "मामंजी तुमच्याकडं कामून यायचे?" मी सांगितलं, भाव विचारायला. "आन् घेतलं काय?" काही नाही घेतलं. तिला ते पटेना. इतक्या वर्षांचं एसटीचं भाडं घालून माणूस नुसता भाव विचारायला येतो? मी काहीतरी दडवतेय असं तिला वाटलं. दोघी दिवेलागणीपर्यंत माझ्या खोलीत बसून राहिल्या.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगायची. बाजार कधी चढणार, कधी पडणार हे तुम्हाला कळत नाही, मला कळत नाही आणि पेपरात छापणाऱ्यालाही कळत नाही. बाजार पडला म्हणतात तेव्हा काय पडतं? मुंबईच्या बाजारातल्या तीस बड्या कंपन्यांच्या भावाचा मिळून एक आकडा काढतात, निर्देशांक म्हणतात त्याला, तो पडतो. त्यातली एखादी कंपनी बुडते, एखादी वर येते, पण सगळ्यांचा मिळून आकडा वर्षानुवर्षांच्या हिशेबात वर सरकतो. आता त्या आकड्याची जशीच्या तशी नक्कल करणारे फंड निघालेत, इंडेक्स फंड. त्यात फंड चालवणाऱ्यानं हुशारी करायचीच नाही. आकड्यात जी कंपनी जेवढी, तेवढाच तिचा वाटा. आमच्या वेळी हे नव्हतं. त्याच्या जवळ जाणारी एक युनिट योजना होती, बऱ्याच कंपन्यांचा थोडाथोडा वाटा असलेली. मी म्हणायची तिच्यात घाला, एकदम घालू नका, दर महिन्याला जमेल तेवढं घाला, म्हणजे स्वस्तातलं आणि महागातलं मिळून बरा भाव पडेल. पण दहा वर्षं लागणार नाही तेवढंच घाला. आणि एकदा घातल्यावर पडत्या भावात विकायचं नाही, थांबायचं. हे सगळं मी आजही सांगते आणि ते खरं आहे.

आता रुखमाबाईचं सांगते.

राणीसावरगावच्या शिवारात तिचं आखाड्यावर, म्हणजे रानातल्या वस्तीवर, घर. धनगराचं घराणं, मेंढरं राखणारं. नवरा वीज पडून गेला. लेकरूबाळ नाही. नवऱ्यामागं तिनं कितीतरी वर्षं एकटीनं कळप चारला, उन्हात, पावसात, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवत. मग गुडघे गेले, चराईची रानं नांगराखाली गेली, आणि तिनं कळप विकला. शेजारीच दीर महादू आणि जाऊ. भांडण नव्हतं, पण जिथं पोरबाळ नसलेली विधवा असते तिथं भावकीचा डोळा कशावर असतो हे मराठवाड्यात सांगावं लागत नाही. कळपाचे पैसे तिनं माझ्याच हातून पोस्टात ठेवले होते. गंगाखेडच्या पोस्टातल्या कुणीतरी तिला माझा पत्ता दिला होता, तेव्हापासून ती मला धरून होती.

तेव्हा बाजार चढत होता. मोंढ्यातले हमाल भाव विचारायचे. न्हाव्याच्या दुकानात शेअरच्या फॉर्मचा गठ्ठा. माझ्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची, आणि ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं ते मला "बाई, मपलं पहिलं घ्या" म्हणायचे. पाडवा चार-सहा दिवसांवर आला होता तेव्हा रुखमाबाई आली. सगळ्यांना मागं सारून नाही, दाराशी बसली, गर्दी ओसरू दिली, मग म्हणाली, "बाई, पोस्टातलं काढून त्या युनिटात घालायचंय."

"कोण म्हणलं?"

"गंगाखेडात समदे तेच बोलायलेत. पानाच्या ठेल्यावर बी."

"मग त्या पानवाल्याकडंच द्या."

ती हसली. "तुमी रागावल्या की मला काय इचारायचंय ते इसरायला व्हतंय. जरा शांत बोला की."

मी शांत बोलले. तिला सगळं समजावलं, जे वर लिहिलंय ते. वर जातं तसं खाली येतं, निम्मं होऊ शकतं, मग वाट बघावी लागते. म्हणून मी एकच विचारते, हे पैसे कशाला पाहिजेत आणि कधी पाहिजेत? हे मी प्रत्येकाला विचारायची. पोरीच्या लग्नाला पुढच्या वर्षी लागणार असतील तर फॉर्म हातात देत नव्हते, मग गिऱ्हाईक कितीही चिडो.

"म्हातारपणाला," ती म्हणाली. "मला कोण हाय? हातपाय चालतेत तवर काय घाई हाय."

"नक्की? दहा वर्षं नाही लागले तरी चालेल?"

"न्हाई लागत."

"मग निम्मे पोस्टात ठेवा. निम्मे युनिटात, तेही दर महिन्याला थोडेथोडे."

"तसं न्हाई करायचं बाई. पाडव्याला घालायचं, समदं एकदम."

"का?"

"साडेतीन मुहूर्तातला मुहूर्त हाय. शुभ काम तुकड्यानं करतेत व्हय? अर्धं लगीन लावल्यावानी."

"पाडवा आपला, रुखमाबाई. बाजार मुंबईचा. त्याला पाडव्याचं काय?"

"मुंबईत बी पाडवा असतोय की."

असतोच. आणि मला तिचं मन मोडवेना, हेही खरं. पैशाच्या बाबतीत पहिल्यांदा ती स्वतःच्या हातानं, कुणाला न विचारता काहीतरी करत होती. मी तिला एवढ्यावर राजी केलं, की एका कंपनीचा शेअर नाही, सगळ्या बाजाराचा वाटा असलेलं युनिट. बाकी तिचं चाललं.

पाडव्याला माझ्या दारात लोक चपला काढून रांगेत उभे होते. बँक बंद, पोस्ट बंद, काम काहीच होणार नव्हतं, पण फॉर्मवर सही पाडव्याचीच पाहिजे. कुणी फॉर्मला हळदीकुंकू लावत होतं. कुणी गाठीची माळ माझ्या टेबलाला घालून गेलं. रुखमाबाईनं नवं लुगडं नेसलं होतं. अंगठा उठवला, बोट पदराला पुसलं, माझ्या पाया पडायला वाकली. मी म्हणलं, अहो, मी तुमच्या वयाची. ती म्हणाली, "तुमच्या न्हाई पडायले, कामाच्या पडायले." बाकीचं सगळं बँक उघडल्यावर केलं.

बाजाराचा तो कळस होता. मला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. महिनाही झाला नाही तोवर मुंबईत कसलीतरी मोठी लबाडी बाहेर आली आणि भाव कोसळले. मग कोसळतच राहिले, आठवड्यानं आठवडा, महिन्यानं महिना. ज्यांनी माळ घातली होती तेच दारात येऊन शिव्या देऊ लागले. एकानं आमच्या खिडकीवर दगड मारला. मालकांना पहिल्यांदाच मी रडताना पाहिलं, ते आमच्या पैशासाठी नाही, आमच्याकडं पैसे नव्हतेच, पण ऑफिसात लोक त्यांना "युनिटवालीचा नवरा" म्हणायला लागले म्हणून. मी येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होते. थांबा. पडत्यात विकू नका. परत येईल. सांगून सांगून ते वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलं, की समोरचं माणूस बघायच्या आत ते बाहेर पडायचं.

रुखमाबाई त्या सगळ्या काळात एकदाही आली नाही. मला वाटलं शहाणी आहे, ऐकलेलं लक्षात आहे. ती आली ती शिमग्याच्या सुमाराला, पाडव्याला वर्ष भरत आलं तेव्हा. युनिटचा भाव निम्म्याच्या जवळ आला होता.

खोलीत दुसरं एकच माणूस होतं, त्यांच्याच बाजूचा एक गडी, त्याच्या बुडालेल्या कंपनीचं काय करायचं म्हणून आलेला. तिला बघून तो म्हणाला, "अक्का, इकडं कुठं?"

"आले सहज. दवाखान्यात आले व्हते," ती म्हणाली आणि दाराशी टेकली. बराच वेळ बसली. तो गडी उठेना. शेवटी ती माझ्याकडं सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, ते माघारी काढायचंय."

"आत्ता? निम्मे मिळतील."

"निम्मे तर निम्मे."

मी काय बोलले ते मला शब्दाशब्दानं आठवतं, कारण तेच शंभर जणांना बोलले होते. म्हणलं, रुखमाबाई, तोटा अजून झालेला नाही, विकलं की होईल. तुम्ही दहा वर्षं म्हणाला होतात, एका वर्षात धीर सुटला? कळपात रोग आला म्हणून सगळी मेंढरं कवडीमोलानं विकून टाकलीत का कधी? मग मी विचारलंही, "घाई आहे का काही? आजारपण? कुणाचं देणं?"

तिनं त्या गड्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"न्हाई," ती म्हणाली. "घाई काय."

"मग थांबा. परत येईल, मी सांगते ना."

"बरं," म्हणाली. पदर डोक्यावर सारखा केला आणि गेली. तिची एसटी दुपारची होती. मी तिला चहा विचारायचाही विसरले, कारण त्या गड्याला त्याची कंपनी बंद पडलीय हे सांगायचं राहिलं होतं.

नंतर मी माझी पद्धत बदलली ती इथंच सांगते, म्हणजे शेवटी उपदेश नको. नंतर मी एका वेळी एकालाच खोलीत घ्यायची. बाकीचे बाहेर ओट्यावर. दार लावायची, मालकांना मागच्या अंगणात पाठवायची, आणि मग विचारायची, पैसे कशाला. लोक हसायचे, डॉक्टरीण झाली म्हणायचे. तरीही निम्मे लोक खरं सांगायचे नाहीत. आपल्याकडं माणूस देवापुढंही इच्छा मनातल्या मनात बोलतो.

बाजार परत आला. मी म्हणत होते तसाच आला, आणि माझ्या अंदाजाआधी आला. नामांतर झालं तो हिवाळा. काही दिवस एसटी बंद होत्या, रस्त्यांवर पोलीस होते. कुणाच्या दारी दिवे लागले होते, कुणी दारं लावून घेतली होती. पेपरात पहिल्या पानावर ते, आणि आतल्या पानावर आमचे भाव, रोज थोडे वर. माझी माणसं परत दिसायला लागली. दगड मारणारासुद्धा एक दिवस पेढे घेऊन आला. मी ते घेतले नाहीत. रुखमाबाईच्या युनिटचा भाव पाडव्याच्या भावाला लागला आणि त्याच्यावर थोडा गेला, तेव्हा मला राहवेना. तिला कोण सांगणार? गाड्या सुरळीत झाल्यावर मी सकाळची गंगाखेडची एसटी धरली, तिथून राणीसावरगावची. खरं सांगायचं तर मी मिरवायला निघाले होते. शिव्या खाऊन खाऊन मला एकदा कुणाच्यातरी तोंडून ऐकायचं होतं, की बाई, तुमचं खरं होतं.

ज्वारी काढायचे दिवस होते. आखाड्यावर कुणी नव्हतं. शेजारच्या रानात बाया वाकलेल्या दिसल्या, त्यात ती होती. मला बघून तिनं कंबर धरून अंग सरळ केलं, विळा बांधावर ठेवला आणि आली. वाळली होती. मी बांधावर बसता बसताच सांगून टाकलं, "रुखमाबाई, सगळे परत आले. घातले तेवढे, वर थोडे."

"आले व्हय," ती म्हणाली. "बरं झालं. तुमी म्हणल्या व्हत्या."

बस, एवढंच. मला राग आला. म्हणलं, अहो, एवढ्या लांबून आले, तुम्हाला आनंद नाही झाला? ती त्या ज्वारीकडं वळली. मग म्हणाली, "बाई, हे रान बगा. दोन एकर हाय. ती तिथं हीर. ह्याचा म्हातारा मालक पोराकडं जायचा व्हता, परभणीला. नवरा व्हता तवापासून आमची मेंढरं ह्या रानात बसायची, म्हून त्याचा जीव व्हता आमच्यावर. मला म्हणला, रुखमे, तुलाच देतो, पर गवगवा करू नको. त्याच्यासाठी कळप इकला व्हता म्या."

मी म्हणलं, "तुम्ही म्हातारपणासाठी म्हणाला होतात."

"मग हे काय हाय? हेच की म्हातारपण."

"मला सांगितलं का नाही?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी काहीतरी वेड्यासारखं विचारलंय. "इसाराचे पैसे दिल्याबिगर रानाचं नाव तोंडातून काढतेत व्हय? नाव काढलं की रान जातंय. आन् बाईमाणसानं काढलं तर भावकी रातोरात इसार घेऊन जातीय. म्हाताऱ्याचं दोन वरसानं जायचं ठरलं व्हतं, दहा वरसं तुमीच म्हणल्या, म्या हो म्हणले. दोन वरसात दुप्पट व्हतंय असं समदे बोलायले व्हते. दुप्पट झालं तर हीर बांधून घ्यावी वाटलं."

"आणि शिमग्याला आलात तेव्हा?"

"म्हाताऱ्याचं पोरगं आलं व्हतं त्याला न्यायला, वरसभर आधीच. म्हातारा म्हणला, निम्मे आता दे, बाकी सुगीला दे, पर आता दे." तिनं एक काडी उचलून मोडली. "निम्मे व्हते तुमच्याकडं."

निम्मे होते. मी ते काढू दिले नाहीत, सांभाळून ठेवले. बाजाराच्या हिशेबानं मी एक अक्षर चुकीचं बोलले नव्हते. मी म्हणलं, "अहो, त्या दिवशी एक शब्द बोलला असता."

"तिथं जावंचा भाऊ बसला व्हता, बाई."

तो गडी. बुडालेल्या कंपनीचा. मी त्याला कंपनीचं समजावत होते, आणि ती दाराशी बसून तो उठायची वाट बघत होती.

"मग?" मी विचारलं, जरी आता कळलंच होतं.

"मग तुमी म्हणल्या थांबा. तुमी शिकलेल्या. म्हणलं येईल माघारी. थांबले. म्हाताऱ्यानं आठ-पंधरा दिस वाट बगितली. मग महादूनं घेतलं." तिनं रानाकडं हात केला. "रोजानं येते मी. दुसऱ्याच्यात जाण्यापरीस घरच्याच्यात बरं. गुडघ्यानं लय दूर जाणं व्हत न्हाई."

मी म्हणलं, आता पैसे आहेत, दुसरं रान बघू. तेवढंच बोलायला होतं माझ्याकडं. ती म्हणाली, "कुणाचं बगायचं? महादूला सोडून मला कोण इकतंय? तो म्हातारा येगळा व्हता." आवाजात राग नव्हता. मला वाटत होतं तिनं रागवावं, खिडकीवर दगड मारणाऱ्यासारखं काहीतरी करावं. उलट तिनंच माझी चौकशी केली, मालकांचा खोकला कसा आहे, एसटी कितीची मिळाली, काही खाल्लं का. भाकरी आणू का म्हणाली. मी म्हणलं, पाणी द्या फक्त, घसा कोरडा पडलाय.

बांधावर बायांची घागर होती, तिच्यातलं सगळ्यांनी मिळून संपवलं होतं. रुखमाबाईनं ती उचलून कमरेवर घेतली आणि विहिरीकडं निघाली. पायऱ्यांच्या तोंडाशी गेली आणि थांबली. जाऊ रानाच्या त्या टोकाला ज्वारी कापत होती, पाठमोरी.

"जाऊबाई," तिनं हाक मारली, "एक घागर घिऊ का? परभणीहून बाई आल्यात."

जावेला ऐकू गेलं नसावं. किंवा गेलं असेल. ती कापत राहिली. म्हातारा मालक असताना रुखमाबाई आणि तिची सगळी मेंढरं त्या विहिरीवर पाणी प्यायची, कुणाला विचारायची नाहीत. मी म्हणणार होते, राहू द्या, स्टँडवर पिईन. पण तिनं मागं वळून बघितलं नाही. त्याच आवाजात तिनं परत एकदा विचारलं, आणि त्या टोकाला विळ्याचा हात वर होईपर्यंत रिकामी घागर कमरेवर घेऊन उभी राहिली.